मुंबईत नवे आहात आणि दाढ ठणकतेय

दाढ बहुधा रात्रीच जोर धरते. आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो. दाताच्या आतली सुजलेली नस कडक भिंतींत कोंडलेली असते, तिला फुगायला जागा नसते, आणि ठणका सुरू होतो. गावी असताना शेजारची काकू लवंग आणून देते, ओळखीचे डॉक्टर वेळी-अवेळी दार उघडतात. इथे पीजीत किंवा भाड्याच्या खोलीत विचारायचं कोणाला, हाच पहिला प्रश्न. मी दादरच्या एका दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली मदतनीस म्हणून काम करते. नोकरीला, शिक्षणाला नुकते मुंबईत आलेले पेशंट जे विचारतात, आणि ज्या गोष्टी त्यांना आधी कोणी सांगितलेल्याच नसतात, त्या इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा गोळी कुठली आणि किती हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करून घ्या. दुखणं थांबलं म्हणजे दात बरा झाला, असं नसतं. काही दिवस ठणकून दाढ आपोआप गप्प बसते तेव्हा बऱ्याचदा आतली नस मेलेली असते. जंतू तिथेच असतात, ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी गाल सुजून येतो. ‘आता दुखत नाही, अपॉइंटमेंट राहू द्या’ असे फोन मी नेहमी घेते, आणि त्यातले बरेच जण पुढे सुजलेला गाल घेऊनच येतात.

आजची रात्र काढायची असेल तर

डोक्याखाली दोन उशा घ्या. दुखऱ्या बाजूने चावू नका, फार गरम किंवा फार गार काही घेऊ नका. मिठाच्या कोमट पाण्याने चुळा भरा. दाढेत रुतलेला घास निघाला तरी थोडं हलकं वाटतं. लवंगेचं तेल चालतं, पण कापसाच्या बारीक बोळ्यावर थेंबभर घेऊन किडलेल्या खड्ड्यातच ठेवायचं. हिरडीवर चोळलं तर हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी चुरून गालात धरणं त्याहून वाईट: दाढेचं दुखणं राहतंच आणि वर गालाची आतली कातडी पांढरी पडून सोलवटते. तंबाखू किंवा मशेरी दाबून ठेवण्याचंही तेच. बाहेरून गरम शेक देऊ नका. सूज असेल तर रुमालात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ धरा.

गोळीचं म्हणाल तर नेहमी सोसणारी पॅरासिटामॉल रात्रीपुरती बहुतेकांना चालते. आयबुप्रोफेन दाताच्या दुखण्यावर चांगलं लागू पडतं, पण अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करणारी गोळी किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनसोबत पॅरासिटामॉल असतंच. त्यावर आणखी क्रोसिन घेतली की पॅरासिटामॉलचा डोस नकळत वाढत जातो, म्हणून पट्टीमागचं नाव वाचायची सवय लावा. मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. दातदुखीसोबत ताप असेल आणि अंग मोडून आलं असेल, तर तो ताप दाताचाच असं धरून चालू नका. डेंग्यू निघाला तर आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

केमिस्टकडून अँटिबायोटिकची अर्धी पट्टी आणून घेण्याची पद्धत सगळीकडेच आहे, इथेही आहे. नस सुजून होणाऱ्या ठणक्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. सूज पसरत असेल, ताप असेल, तेव्हा डॉक्टर ते देतात, आणि तेव्हाही दात उघडून किंवा गळूला वाट करून पू काढणं हाच मुख्य इलाज असतो.

सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं ते केव्हा

सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरतेय, जिभेखालचा भाग फुगलाय, तोंड दोन बोटांइतकंही उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, श्वास घ्यायला जड जातंय, डोळ्याभोवती सूज चढतेय किंवा थंडी वाजून ताप आलाय, तर दातांचा दवाखाना उघडायची वाट पाहू नका. हा संसर्ग घशाच्या बाजूने पसरून श्वासनलिका दाबू शकतो. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात जा: परळला केईएम, सायनला लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलला नायर, भायखळ्याला जे.जे. रुग्णवाहिकेसाठी १०८.

दुसरी खूण जबड्याच्या दुखण्याची. जिना चढताना, गाडी पकडायला धावताना जबडा दुखतो, सोबत घाम, छातीत दडपण, दम लागणं असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. तिथेही कॅज्युअल्टीच.

दुखणं नीट सांगता आलं की अर्धं काम होतं

डॉक्टर विचारतात, ‘काय होतंय?’ आणि उत्तर येतं, ‘दाढ दुखतेय.’ यातून त्यांना फार काही कळत नाही. अपॉइंटमेंटला येण्याआधी एवढं लक्षात ठेवा: गार पाण्याने सणक येते की गरम चहाने? गार पाणी गिळल्यावर सणक लगेच जाते की अर्धा मिनिट, मिनिटभर रेंगाळते? काही न खाता-पिता आपोआप ठणकतं का? रात्री जाग येते का? चावताना दुखतं की चावा सोडताना? हिरडीवर पुटकुळी येऊन फुटते का, तोंडात खारट चव येते का?

गारने सणक आली आणि क्षणात गेली तर अनेकदा कीड काढून फिलिंग केलं की भागतं. ब्रश जोरात घासून किंवा मशेरी लावून दात झिजलेले असतील तरी अशीच सणक येते. गारची सणक रेंगाळते, गरमने वाढते, रात्री उठवते, तेव्हा नस परत सुधारायच्या पलीकडे गेल्याची शक्यता जास्त. चावा सोडताना कळ आली तर दाढेला तडा गेलेला असू शकतो. आणि वरच्या सगळ्याच दाढा एकदम दुखतायत, वाकल्यावर जास्त, नाकही चोंदलंय, असं असेल तर बऱ्याचदा सायनस, म्हणजे नाकाशेजारच्या पोकळ्या, भरलेले असतात, दात धडधाकट असतो. मागे टोकाला हिरडी सुजून घास गिळताना दुखत असेल तर अक्कलदाढ पाहावी लागते. म्हणूनच ‘मला रूट कॅनॉल (दाताची नस काढून मुळातल्या नळ्या साफ करून भरणं) करायचंय’ असं सांगून अपॉइंटमेंट घेऊ नका. ‘दाढ दुखतेय, तपासून घ्यायची आहे’ असं सांगा.

मागच्या पावसाळ्यात घणसोलीहून एक मुलगा आला होता, मूळचा लातूरकडचा. खालच्या डाव्या दाढेवर बोट ठेवून सांगत होता, ‘हीच काढा, दुसरं काही नको.’ डॉक्टरांनी आरशाच्या दांड्याने खालच्या दाढा एकेक हलकेच ठोकल्या. काही नाही. वरची दुसरी दाढ ठोकली तशी त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून दातांना लावला. शेजारच्या दातांना गार लागलं आणि गेलं. त्या वरच्या दाढेला लागलं ते बोळा काढल्यावरही जाईना, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खालची दाढ पूर्ण निरोगी होती. नसेचं दुखणं वरून खाली, खालून वर असं फिरतं, पण डावीकडचं उजवीकडे सहसा जात नाही. त्याच्या सांगण्यावर दात उपटला असता तर चांगली दाढ गेली असती आणि दुखणं तसंच राहिलं असतं. निदान झाल्याशिवाय कोणालाही दात काढू देऊ नका, त्याची घाई तुम्हाला स्वतःलाच झालेली असली तरी.

तज्ज्ञ म्हणजे कोण, आणि तो भेटतो कुठे

दातांचे सगळे डॉक्टर बी.डी.एस. असतात आणि रूट कॅनॉल त्या अभ्यासक्रमात शिकवलेलं असतं. त्यापुढे तीन वर्षांचं एम.डी.एस. करतात, पण एम.डी.एस.च्या नऊ शाखा आहेत. दात सरळ करणारे, हिरड्यांचे, जबड्याच्या शस्त्रक्रियेचे, लहान मुलांचे, सगळेच एम.डी.एस. रूट कॅनॉलची शाखा ‘कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री अँड एंडोडॉन्टिक्स’, आणि ती केलेल्यांना एंडोडॉन्टिस्ट म्हणतात. पाटीवर नुसतं ‘रूट कॅनॉल स्पेशालिस्ट’ असेल तर खाली शाखा काय लिहिली आहे ते पाहा. महाराष्ट्रात दातांच्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे असते आणि तिचं प्रमाणपत्र बहुतेक दवाखान्यांत भिंतीवर लावलेलं असतं. ते वाचायला संकोच करू नका.

नवख्यांना सहसा माहीत नसतं ते हे की मुंबईत एंडोडॉन्टिस्टचा स्वतंत्र दवाखाना शोधत फिरायची गरज बऱ्याचदा पडत नाही. अनेक एंडोडॉन्टिस्ट कन्सल्टंट म्हणून फिरतात. सोमवारी मुलुंड, मंगळवारी सकाळी पार्ले, संध्याकाळी दादर असं त्यांचं वेळापत्रक असतं, आणि फाइल्स (नळ्या घासायच्या बारीक सुया) आणि मशीनची आपापली बॅग घेऊन ते नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात येतात. म्हणजे तुमच्या गल्लीतले डॉक्टर निदान करतात, ठणका असेल तर त्याच दिवशी दात उघडून आराम देतात, आणि पुढचं नाजूक काम कन्सल्टंट ठरल्या वारी करतात. फोनवर सरळ विचारा: ‘रूट कॅनॉल तुम्ही करता की कन्सल्टंट येतात? ते कुठल्या वारी येतात? त्यांचं शिक्षण काय? काम संपल्यावर रात्री दुखलं तर फोन कोणाला करायचा?’ शेवटचा प्रश्न विचाराच, कारण दुखलं त्या दिवशी कन्सल्टंट दुसऱ्या टोकाच्या उपनगरात असू शकतात.

प्रत्येक दाताला तज्ज्ञ लागतो असंही नाही. पुढच्या दातांना बहुधा एकच नळी असते आणि अनुभवी बी.डी.एस. डॉक्टर ते काम उत्तम करतात. दाढांना तीन-चार नळ्या असतात. वरच्या पहिल्या दाढेत तर चौथी नळी इतकी बारीक आणि लपलेली असते की ती राहून जाणं हे रूट कॅनॉल फसण्याचं ओळखीचं कारण आहे. मागची दाढ, वाकडी मुळं, वयामुळे बुजत आलेल्या नळ्या, पूर्वी रूट कॅनॉल होऊन पुन्हा दुखायला लागलेला दात, आत तुटलेली फाइल, मार लागून हललेला दात: इथे तज्ज्ञच पाहा, आणि शक्य असेल तर मायक्रोस्कोप वापरणारा. मुलाच्या दुधाच्या दाताला लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर लागतात. दुधाचा दात पडणारच आहे म्हणून दुखत ठेवू नका.

दवाखाना घराजवळचा की ऑफिसजवळचा, हे बरेच जण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: घराजवळचा. दोन-तीन फेऱ्या तर ठरलेल्याच असतात, मधेच तात्पुरतं सिमेंट पडू शकतं, आणि भूल दिलेल्या तोंडाने संध्याकाळी सातला दादरहून विरार किंवा बदलापूर गाडीत लटकत जाणं फार त्रासाचं होतं. शनिवारची सकाळ मिळाली तर सोन्याहून पिवळं.

पैशांची ओढाताण असेल तर

दोन दंत महाविद्यालयं लक्षात ठेवा. एक, सरकारी दंत महाविद्यालय व रुग्णालय, सीएसएमटी स्टेशनजवळ सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात. दुसरं, महापालिकेचं नायर हॉस्पिटल डेंटल कॉलेज, मुंबई सेंट्रलला. मध्य रेल्वेने येणाऱ्यांना नायरसाठी भायखळ्याला उतरणंही सोयीचं पडतं. दोन्हीकडे खाजगी दवाखान्याच्या मानाने खर्च खूपच कमी येतो.

तिथली रीत अशी: सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, आधार कार्ड आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवायच्या. आधी तुम्हाला तपासणीच्या विभागात, म्हणजे ओरल मेडिसिनमध्ये बसवतात, एक्स-रे काढतात, आणि मग एंडोडॉन्टिक्स विभागात पाठवतात. काम शिकाऊ डॉक्टर करतात, वर शिक्षक तपासतात. फेऱ्या जास्त होतात, एकेका बैठकीला वेळ लागतो, पुढची तारीख लांबची मिळू शकते. पण प्रत्येक टप्पा कोणीतरी दुसरा पाहून पुढे जाऊ देतो, ही त्या ठिकाणची मोठी जमेची बाजू आहे. ज्यांना कामावरून सुट्टी मिळते आणि धीर आहे, त्यांना मी तिथे खुशाल पाठवते. ईएसआयसीचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं कार्ड असेल तर तुमच्या ईएसआयसी दवाखान्यात आधी चौकशी करा.

खाजगी दवाखान्यात आकडा भागानुसार, दाताच्या जागेनुसार आणि तज्ज्ञानुसार खूप बदलतो, म्हणून ‘किती घेता?’ एवढं विचारून उपयोग नाही. सांगितलेल्या रकमेत काय काय धरलंय ते विचारा. एक्स-रे? नळ्या भरल्यावर वरचं पक्कं फिलिंग? गरज पडल्यास आतला पोस्ट, म्हणजे आधारासाठी मुळात बसवायची काडी? कॅप? कॅप कुठल्या प्रकारची, आणि तिची वॉरंटी किती वर्षांची? रूट कॅनॉल स्वस्त वाटतं आणि कॅपचा आकडा नंतर कळतो तेव्हा माणसं अर्ध्यावर थांबतात. पूर्ण अंदाज कागदावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा, चांगले डॉक्टर देतात. मेडिक्लेममध्ये अपघात वगळता दातांचा असा खर्च बहुधा बसत नाही. कंपनीने दिलेल्या पॉलिसीत ओ.पी.डी. असेल तर तेवढं तपासून घ्या.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगायच्या गोष्टी

शुगर, बी.पी., हृदयाची झडप बदललेली असणं, दमा, कुठल्याही औषधाची अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करणारी गोळी, हाडांसाठीचं इंजेक्शन किंवा गोळी, दिवस गेलेले असणं. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. गरोदर बाईला दातदुखी सोसत बसायची गरज नाही. इलाज करता येतो, मधले तीन महिने त्यासाठी सगळ्यात सोयीचे. शुगरवाल्यांनी उपाशी येऊ नये. बाकीच्यांनीही पोटभर खाऊनच यावं, कारण नंतर काही तास नीट खाता येत नाही, आणि उपाशीपोटी घाबरलेल्या माणसाला इंजेक्शननंतर चक्कर येते.

खुर्चीत काय होतं

भीती सगळ्यांना असते, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

आधी छोटा एक्स-रे. मग हिरडीला भुलीची जेली, आणि तिथे इंजेक्शन. खालच्या दाढेसाठी ते जबड्याच्या मागच्या बाजूला देतात आणि पाच-दहा मिनिटांत अर्धा ओठ जड होतो. भुलीच्या औषधात मिसळलेल्या अ‍ॅड्रेनलिनमुळे क्षणभर छाती धडधडू शकते, ती ओसरते. फार सुजलेल्या नसेला पहिलं इंजेक्शन कधी कधी पुरत नाही. अशा वेळी सोसत राहू नका, डावा हात वर करा. डॉक्टर थांबतात, आणखी भूल देतात. हात वर करायचा हे खुर्चीत बसतानाच ठरवून घ्या. तोंडात नळी आणि कापूस असताना बोलता येत नाही.

मग दाताभोवती रबर डॅम लावतात. फुग्याच्या रबरासारखा पातळ पडदा, त्याला एक भोक, त्यातून फक्त तुमचा तो एक दात वर आलेला. पहिल्यांदा कोंडल्यासारखं वाटतं. नाकाने श्वास घ्या, दोन मिनिटांत सवय होते. त्या पडद्यामुळे थुंकीतले जंतू दातात जात नाहीत, बारीक फाइल घशात पडत नाही, आणि धुवायचं औषध तोंडात उतरत नाही. दवाखाना निवडताना मला एकच प्रश्न विचारायला सांगितला, तर मी हा विचारेन: ‘तुम्ही रबर डॅम लावता का?’

वरून छोटं भोक पाडून नळ्या शोधतात. अपेक्स लोकेटर नावाचं यंत्र नळीची लांबी मोजतं. त्याचा बीप बीप आवाज टोक जवळ आल्यावर बदलतो, घाबरू नका. मग बारीक फाइल्सनी नळ्या घासून रुंद करतात आणि मधे मधे सोडियम हायपोक्लोराइटने धुतात. हे घरातल्या ब्लीचच्या जातीचंच रसायन, म्हणून तसा वास येतो. खरं जंतू मारण्याचं काम हे धुणंच करतं, कारण नळीच्या कोपऱ्याकोपऱ्यात फाइल पोहोचत नाही. कोणी घाईघाईने आटपत असेल तर कमी पडतं ते बहुतेकदा हे धुणं. शेवटी नळ्या कोरड्या करून गटापर्चा नावाच्या, रबराच्या जातीच्या पदार्थाने टोकापर्यंत भरतात.

हे सगळं एका बैठकीत होऊ शकतं. पू असेल, दुखणं जास्त असेल, तर आत कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं औषध ठेवून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. एका बैठकीत केलं म्हणजे उत्तम, दोन-तीन लागल्या म्हणजे डॉक्टर कच्चे, असं काही नाही.

मधले दिवस

ओठ, जीभ दोन ते चार तास बधीर राहतात. तोवर चहा नको, वडापाव नको. ओठ चावला जातो आणि कळतही नाही. भूल उतरल्यावर दोन-तीन दिवस चावताना दुखणं साधारण असतं. ते रोज थोडं कमी व्हायला हवं. वाढत गेलं, सूज आली, ताप आला, तर लगेच फोन करा.

इथेच पुष्कळ लोक नाहीसे होतात. पहिल्या बैठकीत नस निघते, ठणका जातो, त्या रात्री शांत झोप लागते. मग ऑफिस, मग महिनाअखेर, मग गावची जत्रा. दातात मात्र फक्त तात्पुरतं सिमेंट असतं. ते काही आठवड्यांसाठीच केलेलं असतं. ते झिजलं, कडेने सुटलं की थुंकी आत शिरते आणि केलेलं सगळं काम वाया जातं. पुन्हा सुरुवातीपासून करायचं तर खर्च वाढतो आणि दात वाचायची शक्यता कमी होते. म्हणून पुढची तारीख घेतल्याशिवाय दवाखान्याबाहेर पडू नका. त्या बाजूने चिक्की, चकली, सुपारी, च्युइंगम पूर्ण बंद.

गणपतीला, दिवाळीला गावी जाणार असाल तर तारीख आधीच सांगा. जायच्या आदल्या दिवशी नवी दाढ उघडून घेऊ नका. ठणका असेल आणि उघडावीच लागली तर डॉक्टर आत टिकाऊ औषध ठेवून वर मजबूत सिमेंट लावतील. कोकणातल्या वाडीत रात्री दाढ सुजली तर जवळचा दातांचा दवाखाना बराच लांब असू शकतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत.

कॅप लावेपर्यंत काम अपुरंच

नळ्या भरल्या, दुखणं शून्य, आणि डॉक्टर आता कॅप सांगतायत. हे पैसे काढायचं काम आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. किडीने आणि वरून पाडलेल्या भोकाने दाढेचं बरंच अंग गेलेलं असतं, उरलेल्या भिंती पातळ असतात. भाकरीतल्या खड्याने किंवा शेवेतल्या कडक दाण्याने ती उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढण्यावाचून इलाज नाही. मग इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) किंवा ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने दात), आणि ते रूट कॅनॉल-कॅपपेक्षा बरंच महाग पडतं. पुढच्या दाताचं अंग शाबूत असेल तर नुसत्या फिलिंगवरही भागतं. दाढेला मात्र कॅप हवीच, आणि तीही फार दिवस न घालवता.

मागच्या दाढेला धातूची किंवा धातूवर सिरॅमिक असलेली कॅप वर्षानुवर्षं टिकते. झिर्कोनियाची (दाताच्या रंगाच्या कडक सिरॅमिकची) दिसायला चांगली आणि मजबूत, पण महाग. हसताना न दिसणाऱ्या दाढेला ती घेतलीच पाहिजे असं नाही. पैसे बेताचे असतील तर ते चांगल्या रूट कॅनॉलवर घाला आणि कॅप साधी घ्या. कॅप बसवताना लाल-निळा कागद चावायला देतात. त्या वेळी ‘ठीक आहे’ म्हणून उठू नका. दात डावी-उजवीकडे घासून पाहा, घास चावल्यासारखं करा. किंचितही उंच लागत असेल तर सांगा. उंच राहिलेली कॅप आठवडाभरात चांगल्या दाढेलाही दुखवते.

नंतर सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढून मुळाच्या टोकाचं हाड भरतंय ना ते बघतात. दुखत नसलं तरी जा. कॅपच्या कडेला, हिरडीलगत कीड पुन्हा लागू शकते, आणि नस नसल्यामुळे ती तुम्हाला दुखून कळवणार नाही. रात्री मऊ ब्रश आणि फ्लॉस त्या कडेवरून फिरवा.

खोली बदलताना, बदली होताना दवाखान्यातून आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, किती नळ्या भरल्या याची नोंद आणि कॅपचं वॉरंटी कार्ड मागून घ्या. फोटो काढून ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवा. पुढे कुठल्याही गावातल्या डॉक्टरांना त्यावरून दात न उघडता कळतं की आत काय केलेलं आहे.